मुक्कामाचे ऋण

पायी केलेल्या दीर्घ प्रवासाची पुस्तके अलीकडे मराठीत पुष्कळ निघतात आणि ती आवडीने वाचलीही जातात. कोणी घाटमाथ्यावरून निघून आडवाटांनी कोकणात उतरतो व समुद्रास पाय लागले म्हणजे थांबतो. कोणी अमरकंटकापासून नर्मदेच्या काठाकाठाने तिच्या मुखापर्यंत चालत जातो. उंच डोंगरावरून निघावे, दिवसभर चालावे, सायंकाळी मिळेल त्या आश्रयास टेकावे, पहाटे पुन्हा निघावे आणि काही दिवसांनी अथवा महिन्यांनी सागराचे दर्शन घ्यावे, असा ह्या प्रवासाचा साधा क्रम असतो. अशा पुस्तकांचे परीक्षण करताना आमचे टीकाकार बहुधा दोन गोष्टी पाहतात : निसर्गवर्णन कितपत साधले आहे, आणि लेखकाच्या अंतरंगात कोणता पालट झाला. ह्या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, ह्याविषयी वाद नाही. परंतु आमच्या मते तिसरी एक गोष्ट ह्या दोहोंहून अधिक निर्णायक आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ती गोष्ट म्हणजे मुक्काम. रात्री लेखक कोठे टेकला, दार कोणी उघडले, ते उघडण्यापूर्वी त्यास काय विचारण्यात आले, आणि सकाळी निघताना तो त्या घराचे काय देणे लागत होता, ह्या प्रश्नांची उत्तरे एखादा ग्रंथ कशी देतो, ह्यावरून त्याची योग्यता ठरवावी, असे आमचे म्हणणे आहे. ते येथे थोड्या विस्ताराने मांडावयाचे आहे.

आगगाडीने अथवा मोटारीने जाणाऱ्यास वाटेवरील गावांची गरज नसते. ती त्याच्या खिडकीतून नुसती सरकून जातात. पायी चालणाऱ्याचे तसे नाही. मनुष्याच्या पायांस दिवसाकाठी दहा-बारा कोसांहून अधिक मजल सहसा झेपत नाही, आणि म्हणून तितक्या अंतरावर त्यास पाणी, अन्न व छप्पर ह्यांसाठी दुसऱ्या मनुष्याकडे जाणे प्राप्त होते. शंभर दिवस चालणारा मनुष्य शंभर वेळा परक्याच्या दारी उभा राहतो. डोंगर आणि समुद्र ही ह्या प्रवासाची दोन टोके झाली. मध्यंतरीचा सारा मजकूर ह्या दारांचा आहे.

हे विवेचन ज्या कॉटन ग्रीनमध्ये बसून लिहिले जात आहे, त्या स्थळाच्या नावातच असा एक प्रवास दडलेला आहे. ग्रीन म्हणजे हिरवळीचे मैदान. मुंबईच्या कोटात, थोरल्या ख्रिस्तमंदिरासमोरील मैदानावर, पूर्वी कापसाच्या गासड्या रचीत. १८४४ साली तो बाजार कुलाब्यास हलला, आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीच्या बाजूस, भराव घालून मिळविलेल्या जमिनीवर आला. मैदान गेले, हिरवळ गेली. नाव मात्र बाजाराबरोबर फिरत येथवर पोचले व आगगाडीच्या स्थानकास चिकटून राहिले. आता तो बाजारही पूर्वीसारखा उरलेला नाही. परंतु लोहमार्ग होण्यापूर्वी वऱ्हाडातील व देशावरील कापूस येथे कसा येत असे? तो बैलांच्या पाठीवर लादून अथवा गाड्यांत भरून, घाट उतरून समुद्राकाठी येई. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. घाटातून आगगाडी धावू लागली ती १८६३ साली. त्यापूर्वी पुण्याकडून येणारा माल खंडाळ्यावरून खोपोलीस उतरे, पनवेलच्या बंदरात होड्यांवर चढे आणि खाडी ओलांडून मुंबईस लागे. ह्या वाटेवरील खोपोलीचा तलाव व महादेवाचे देऊळ नाना फडणविसांनी बांधविले. घाट उतरून आलेल्या माणसांस व जनावरांस तेथे विसावा मिळे. ज्या बंजाऱ्यांनी व गाडीवानांनी ही वाट आठवडेच्या आठवडे तुडविली, त्यांच्याइतका डोंगरापासून समुद्रापर्यंतचा पायी प्रवास आजच्या कोणत्याही हौशी पदयात्रिकाने केलेला नसेल. पण त्यांच्यापैकी एकानेही ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या मुक्कामांची हकीकत त्यांच्याबरोबरच गेली.

ही गोष्ट नवी नाही. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर दोन हजार वर्षांपूर्वीचे एक लेणे आहे. वाटसरूंनी तेथे बसावे, निजावे, अशीच त्याची रचना आहे. त्याच्या भिंतीवरील सुप्रसिद्ध सातवाहन लेखात राजकुलाने केलेले यज्ञ मोजले आहेत, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणे ह्यांची गणती केली आहे. त्या भिंतीखाली ज्यांनी पथारी टाकली त्यांचा मात्र कोठे उल्लेख नाही. दात्याचे नाव दगडावर राहते आणि वाटसरू निनावी राहतो. पायी प्रवासाचा ग्रंथ ह्या व्यवस्थेच्या नेमका उलट असतो : तेथे लेखणी वाटसरूच्या हाती असते आणि नाव राहते ते वाटसरूचे. मग आश्रयदात्याचे काय होते, हा प्रश्न टीकाकाराने विचारलाच पाहिजे.

इंग्रजी वाङ्मयात ह्या प्रश्नाचा उलगडा एका विशिष्ट रीतीने झालेला आहे. हॅझलिटने १८२२ साली प्रवासास निघण्याविषयी जो निबंध लिहिला, त्यात दिवसभर एकट्याने चालून सायंकाळी एखाद्या पथिकाश्रमात शिरण्याच्या सुखाचे रसाळ वर्णन आहे. त्या सुखाचे मर्म तो असे सांगतो की, तेथे आपणांस कोणी ओळखीत नाही. घरचे नाते, समाजातील प्रतिष्ठा, मागचापुढचा हिशेब, सर्व काही बाहेर राहते. भोजनाचे पैसे चुकविले म्हणजे कोणाचे काही देणे उरत नाही. ह्यात खोटे काही नाही. परंतु हे अनामिकत्व विकत घेतलेले आहे, हे ध्यानी ठेविले पाहिजे. यजमान व पाहुणा ह्यांच्यामध्ये नाणे येऊन बसले की दोघेही परस्परांपासून मुक्त होतात. म्हणूनच इंग्रजी पदयात्रिकाच्या पुस्तकात खाणावळीचा मालक बहुधा विनोदी पात्र म्हणून येतो व पुढच्या पानावर विसरला जातो.

आमच्याकडील वाट निराळी होती. ओसरी, देऊळ, धर्मशाळा, अन्नछत्र, सदावर्त ही आमच्या वाटसरूची आश्रयस्थाने. तेथे पैसा मोजावा लागत नसे. पण कोण, कोठचे, कोणाचे, हे प्रश्न आधी येत. प्रवाशाचे नाव, गाव आणि जात हेच तेथील चलन होते. हे लक्षात घेतल्याशिवाय मराठीतील पहिल्या प्रतीच्या पायी प्रवासाचे पुस्तक, म्हणजे विष्णुभट गोडसे वरसईकर ह्यांचा ‘माझा प्रवास’, नीट समजत नाही.

हा ग्रंथ १८८३ च्या सुमारास लिहिला गेला आणि १९०७ साली चिंतामणराव वैद्य ह्यांनी तो प्रसिद्ध केला. वैद्यांनी त्याची भाषा सुधारली, मजकुरात फेरफार केले, आणि सत्तावनच्या बंडाची हकीकत म्हणून त्यास वाचकांपुढे ठेविले. मूळ पोथीबरहुकूम आवृत्ती महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार ह्यांनी १९६६ साली काढली. बंडाची हकीकत ह्या नावाने एक मोठे काम केले. ग्रंथास इतिहासात स्थान मिळाले. पण त्याच नावाने वाचकांची दृष्टी झाशीच्या तटावर अशी खिळविली की, हा मुळात पायी चालणाऱ्या एका याज्ञिकाचा मुक्कामांचा ग्रंथ आहे, हे जणू विसरले गेले. पेणनजीक सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या वरसई गावचा हा भिक्षुक घरच्या कर्जाने गांजून, बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार आहेत व तेथे दक्षिणा मिळेल, ह्या आशेने १८५७ साली चुलत्यासह घाट चढून उत्तरेकडे निघतो. वाटेत बंड उसळते. झाशीत त्यास आश्रय मिळतो; झाशी पडते तेव्हा त्याची मिळकत लुटली जाते. मिळविलेले वारंवार जाते, आणि अखेर तो गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परत येतो व त्या पाण्याने आईबापांस स्नान घालतो.

ह्या सबंध ग्रंथात निसर्गवर्णन म्हणून वेगळे काढून दाखविता येईल असे फार थोडे सापडेल. पण कोठे कोण भेटले, कोणी ठेवून घेतले, काय जेवावयास मिळाले, दक्षिणा किती पडली आणि पाणी कोठे मिळाले नाही, ह्यांची आठवण लेखकास पंचवीस वर्षांनंतरही लखलखीत आहे. त्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग घ्यावा. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी पठाणी वेषातील झाशीची राणी त्यास भेटते. ती तहानेने व्याकूळ असते. भटजी पाणी काढावयास पुढे होतात. परंतु विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी श्रम करू नयेत, असे म्हणून ती त्यांस थांबविते व स्वतःच पाणी काढते. इतिहासाचा वाचक ह्यात राणीचे धैर्य पाहतो. आम्ही ह्यात मुक्कामाचा धर्म पाहतो. जिच्या नगरात हा भिक्षुक आश्रित होता, ती आता त्याच्याइतकीच उघड्या वाटेवर आहे. आश्रय देणारी व घेणारा ह्यांतील अंतर एका विहिरीच्या काठाइतके उरले आहे. आणि तरीही यजमानाची मर्यादा ती सोडीत नाही. मुक्कामास इतक्या बारकाईने पाहण्याची सवय ज्यास नाही, अशा लेखकाच्या हाती हा प्रसंग लागला असता तर तो केवळ वीररसाचा झाला असता.

गोडशांस त्यांच्या जातीने पुष्कळ दारे उघडून दिली, हेही त्याच पानांत दिसते. ते स्वतः त्याविषयी विचार करीत नाहीत. त्यांच्या काळी व त्यांच्या स्थितीत ती अपेक्षाही करवत नाही. पण वाचकाने तो विचार केला पाहिजे, व त्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

पर्वतापासून सागरापर्यंतच्या पायी प्रवासाचे सर्वांत शुद्ध रूप नर्मदेच्या परिक्रमेत आढळते. मैकल पर्वतावर, सुमारे १०५० मीटर उंचीवरील अमरकंटकाशी नदी उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भडोचच्या पुढे खंबायतच्या आखातास मिळते. नदी उजव्या हातास ठेवून चालावयाचे व कोठेही ती ओलांडावयाची नाही, असा नियम असल्यामुळे अमरकंटकाहून निघालेला परिक्रमावासी दक्षिण तटाने समुद्रापर्यंत उतरतो. तेथे भरतीची वाट पाहून नावेत बसतो, मुखापलीकडे जातो आणि उत्तर तटाने पुन्हा पर्वतावर चढतो. जवळ संग्रह ठेवावयाचा नाही. अन्न सदावर्ताचे अथवा भिक्षेचे. ‘नर्मदे हर’ एवढे म्हटले की गाव ओळखते. येथे नाव विचारले तरी त्यावाचून अडत नाही. हातातील दंड व कमंडलू हीच ओळख पुरते. हॅझलिटचे अनामिकत्व पैशाने घेतलेले होते, परिक्रमावासीचे अनामिकत्व व्रताने घेतलेले आहे.

गो. नी. दांडेकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकास ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ असे नाव दिले, त्यात हे मर्म अचूक उतरले आहे. चालणारा हा ‘कुणी एक’ आहे. त्यामुळे वाचकाचे लक्ष त्याच्या पराक्रमावर न राहता त्यास भेटणाऱ्या माणसांकडे वळते. दांडेकरांनी तारुण्यात पुष्कळ भटकंती केली होती व गाडगे महाराजांचा सहवासही त्यांस घडला होता. परक्याच्या दारी उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांस पुस्तकांतून शिकावे लागले नाही. त्यांची भाषा कधी अतिशय भावोत्कट होते आणि संयमाची आवड असलेल्या वाचकास ती थोडी जड वाटेल. परंतु त्यांच्या पानांवर आश्रय देणारा मनुष्य बोलतो, त्याच्या बोलीत बोलतो, आणि आश्रय घेणारा ऐकतो. हा गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो.

जगन्नाथ कुंटे ह्यांच्या ‘नर्मदे हर हर’ ह्या पुस्तकास जी लोकप्रियता लाभली, तिच्यानंतर मराठीत परिक्रमेच्या पुस्तकांची रीघच लागली. त्यांतील पुष्कळ पुस्तके एका साच्यात पडली आहेत. तहान लागते व कोणीतरी लोटा घेऊन येतो. रात्र होते व कोणीतरी झोपडीत बोलावतो. आणि लेखक ह्या सर्वांचे श्रेय मैयास देऊन पुढे चालू लागतो. श्रद्धेशी आमचे भांडण नाही. पण लोटा आणणाऱ्या त्या बाईस नाव होते, घर होते, आणि ते पाणी तिने कोठून तरी डोक्यावरून आणले होते. सर्व काही देवतेने दिले असे म्हटले की माणसाचे देणे परस्पर फिटते; हा श्रद्धेचा सोयीस्कर उपयोग झाला. ह्याच्या उलट उदाहरण भारती ठाकूर ह्यांचे आहे. त्यांनीही परिक्रमा केली व तिच्यावर ‘एक अंतर्यात्रा’ म्हणून पुस्तक लिहिले; पण पुढे त्या निमाडात नर्मदाकाठीच राहिल्या आणि त्यांनी तेथील मुलांसाठी शाळा काढल्या. पाहुण्याने परत जाऊन यजमान व्हावे, ही त्या प्रवासाची खरी समाप्ती होय. एखाद्या ग्रंथाचे मूल्य लेखकाच्या पुढील आयुष्यावरून ठरवू नये, हे तत्त्व आम्हांस ठाऊक आहे. तथापि घेतलेल्या आश्रयाचे ऋण ज्याच्या मनात जागे आहे, तो लेखक त्या आश्रयाचे वर्णन निराळ्याच रीतीने करतो, ह्याचा प्रत्यय त्यांच्या पुस्तकात येतो.

ह्या देण्यास आज एक कठोर बाजू आली आहे. नर्मदेच्या वाटेवर शूलपाणीची झाडी म्हणून जो दुर्गम डोंगराळ प्रदेश आहे, तेथे भिल्ल परिक्रमावासीस लुटतात, अशी परंपरेने ख्याती होती. आणि त्या लुटीस व्रताची परीक्षा मानण्याचा प्रघात होता. पुढे सरदार सरोवराचे पाणी चढले. धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली व २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील ३३ आदिवासी गावे बुडीतक्षेत्रात गेली. जुनी पायवाटही पाण्याखाली गेली. ज्यांनी लुटले म्हणून पुस्तकांत लिहिले गेले, त्यांचीच घरेदारे गेली. वाट बदलली, म्हणून हळहळणारी पाने आम्ही वाचली आहेत. वाटेवरचा यजमान कोठे गेला, असे विचारणारी पाने त्या मानाने थोडी आहेत. हा दोष केवळ सहानुभूतीचा नाही, तो वाङ्मयीनही आहे. कारण ज्या लेखकास वाट दिसते आणि वाटेवरचा मनुष्य दिसत नाही, त्याची वाटही अखेर चित्रातलीच ठरते.

आता मघाशी बाजूस ठेवलेल्या प्रश्नाकडे वळू. दार उघडणाऱ्यांचा विचार केला. ज्यांच्यासाठी ते उघडले नाही त्यांचा केल्याशिवाय मुक्कामाचे वाङ्मय पुरे होत नाही. ह्या विषयावरील सर्वांत मोठा लेख मराठी मनुष्याने लिहिला, पण तो इंग्रजीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आठवणी त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाल्या नाहीत. १९९० साली त्या पुस्तिकारूपाने निघाल्या. ही पदयात्रा नव्हे. तरीही आमच्या कसोटीस तिच्याइतके दुसरे पुस्तक उतरत नाही, कारण तिचा एकमेव विषय प्रवाशाचा मुक्काम हा आहे. १९०१ साली वडिलांस भेटावयास निघालेली लहान मुले मसूरच्या स्थानकावर उतरतात. ती महार आहेत असे कळताच स्टेशनमास्तरची चर्या पालटते. दुप्पट भाड्याने गाडी मिळते, तीही मुलांनीच हाकावी ह्या अटीवर. रात्री जकातनाक्यापाशी थांबतात तेव्हा जवळ अन्न भरपूर आहे, पण पाणी कोणी देत नाही. पुढे विलायतेहून विद्या संपादून परतलेला तोच मुलगा बडोद्यास नोकरीवर रुजू होतो, आणि राहावयास जागा नाही म्हणून पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावून उतरतो. काही दिवसांनी काठ्या घेतलेले लोक येऊन त्यास बाहेर काढतात.

येथे हॅझलिटचा पथिकाश्रम आठवल्यावाचून राहत नाही. तोच आश्रम, तेच दैनंदिन भाडे. पैसे मोजलेले आहेत. पण हॅझलिटला आपले नाव बाहेर ठेवून आत जाण्यात आनंद होता, आणि आंबेडकरांस आपले नाव बाहेर ठेवल्याशिवाय आत जाताच येत नव्हते. एकाने अनामिकत्व विकत घेतले, दुसऱ्याने व्रत म्हणून पत्करले, तिसऱ्यावर ते लादले गेले. ही तीन चित्रे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे वाटेचे स्वातंत्र्य म्हणून जे गोड नाव आपण पायी प्रवासास देतो, ते कोणाचे स्वातंत्र्य, हे स्पष्ट होते. जो लेखक आज खांद्यावर पिशवी टाकून नाणेघाट उतरतो व पायथ्याच्या पाड्यात हक्काने पाणी मागतो, त्याच्या हक्कास हा सारा इतिहास चिकटलेला आहे.

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की, वाङ्मयास आम्ही सामाजिक हिशेबाची वही करीत आहो. पर्वताचे गांभीर्य आणि सागराचे प्रथमदर्शन ह्यांचा आनंद स्वतंत्र आहे, त्यास ऋणाची पुरवणी कशाला? आनंद स्वतंत्र आहे, हे मान्य. परंतु तो चांगल्या शब्दांत उतरण्यासाठीही मुक्कामाची जाण लागते, असा आमचा अनुभव आहे. दिवसभर पाणी न मिळालेल्या मनुष्याच्या लेखणीतून नदी निराळी उतरते. गोडशांनी गंगेचे पाणी कावडीने वाहून आणले. त्यांच्या ग्रंथात गंगा मोठी वाटते ती विशेषणांनी नव्हे, तर त्या ओझ्यामुळे. ज्या पुस्तकांत मुक्काम पोकळ आहेत त्यांतील निसर्गवर्णनेही बहुधा पोकळच असतात, कारण दोहोंचे मूळ एकच : समोर असलेल्याकडे पुरेसे पाहिले गेलेले नाही.

गाडगे महाराजांनी आयुष्यभर जागोजाग धर्मशाळा उभारल्या, आणि पंढरपूरची चोखामेळ्याच्या नावाची आपली धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेस दिली. त्यांनी प्रवासवर्णन लिहिले नाही. पण वाटसरूस रात्री काय लागते व कोणास ते मिळत नाही, हे त्यांनी ग्रंथकारांपेक्षा अधिक ओळखले होते. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही चालू आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी दूरदूरच्या गावांहून येणारे रोगी व त्यांचे आप्त तेथे उतरतात. ही माणसेही घाट उतरूनच समुद्राकाठी येतात, त्यांच्यापाशीही मुक्कामांची हकीकत असते, आणि बंजाऱ्यांच्या हकीकतीप्रमाणे ती बहुधा लिहिली जात नाही.

पायी प्रवासाचे पुढचे चांगले मराठी पुस्तक कोण लिहील, हे सांगता येत नाही. त्याचा लेखक सह्याद्री उतरेल की सातपुडा, हेही गौण आहे. त्याने एवढे करावे : समुद्र दिसला म्हणून लेखणी खाली ठेवण्यापूर्वी वाटेवरच्या प्रत्येक दाराचा हिशेब पुरा करावा, आणि जे दार आपल्याला सहज उघडले ते आणखी कोणाला उघडले असते व कोणाला नसते, हेही त्यात मांडावे. असे पुस्तक निघाले तर त्यातील डोंगर व समुद्र ह्यांविषयी आम्ही त्यास निराळे काही विचारणार नाही.